बाभळीच्या काट्यावरचे नाकतोडे



होळी झाली आणि इंदापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. पिकावरच्या रोगाविषयी नाही, खताच्या मात्रेविषयी नाही. पत्र असे होते :

“भाऊ, पत्रास कारण की, आमच्या हद्दीच्या बांधावर एक जुनी बाभूळ आहे. तिच्या काट्यांना कोणीतरी नाकतोडे टोचून ठेवते. परवा तर एक सरडा टोचलेला होता, मान खाली लोंबत होती. आमच्या जाऊबाई म्हणतात ही करणी आहे, बाभूळच तोडून टाका. मुलगा म्हणतो, ती तोडायचीच आहे. शेजारचे दोन एकर पडीक मोडून ऊस करायचा आहे, अक्षय तृतीयेनंतर जेसीबी सांगितला आहे. मी झाडाखाली लिंबू, टाचणी, बाहुली काही बघितले नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवावे. सदरात नाव देऊ नये.”

नाव देत नाही. पण पत्र वाचून मी खुर्चीतून उठलोच. करणी करणारा कोण हे मला ताबडतोब कळले होते, आणि तो त्या बाजूला अजून आहे याचा मला आनंद झाला होता. गुढीपाडवा झाल्यावर एका रविवारी मोटारसायकल काढली आणि ताईंच्या वस्तीवर गेलो.

बाभूळ चांगली दीड पुरुष उंच, अंगाने वाकडी. काट्यांवर चार नाकतोडे, एक रातकिडा आणि वाळून कोळ झालेला एक सरडा. तिथून शंभर पावलांवर तरवडाच्या झुडपाशेजारी एक वठलेले बोरीचे खोड होते, आणि त्याच्या अगदी टोकाला आरोपी बसलेला होता. साळुंकीपेक्षा थोडा लांब, अंगाने सडपातळ. पाठ राखी, पोट पांढरे, पंख काळे आणि त्यांवर पांढरा डाग, लांब काळ्या शेपटीला पांढऱ्या कडा. चोचीपासून डोळ्यावरून कानामागे गेलेली काळीभोर पट्टी, जशी काही तोंडावर फडके बांधलेल्या दरोडेखोराची. हा मोठा राखी खाटीक.

खाटकाच्या आणखी जाती आपल्या भागात आहेत. एक लहान, काळपट तांबड्या पाठीचा. दुसरा लांब शेपटीचा, तांबूस कमरेचा. तो उसाच्या बांधावर आणि विजेच्या तारेवरही सुखाने राहतो. राखी खाटीक मात्र माळाचा. दाट झाडी त्याला चालत नाही आणि ऊसही चालत नाही. त्याला हवी उघडी जमीन, तिच्यावर आखूड गवत, आणि मधूनमधून एखादी बाभूळ, हिवर किंवा बोर, म्हणजे शेंड्यावर बसून चहूकडे पाहता येते आणि खाली हललेला किडा दिसतो.

ताईंना मी प्रथम काट्याचे गुपित सांगितले. खाटकाची चोच शिकऱ्यासारखी आकडी असते, पण पाय चिमणी-साळुंकीच्या जातकुळीतले, नाजूक. शिकऱ्याला पंजा आहे, तो भक्ष्य पायाखाली दाबून फाडतो. ह्याच्या पायात तेवढा जोर नाही. मग तो काय करतो, भक्ष्य काट्याला अडकवतो आणि चोचीने ओढून तुकडे करतो. आपल्या घरातल्या विळीसारखेच की. विळी पायाखाली घट्ट असते म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. बाभळीचा काटा ही ह्याची विळी. आणि जास्तीचे मिळाले तर तिथेच टांगून ठेवतो; ज्या दिवशी शिकार मिळत नाही त्या दिवशी तो डबा उघडायचा. अंड्यांवर बसलेल्या मादीलाही नर आणून भरवतो. “म्हणजे भडंग करून ठेवल्यासारखं,” ताई म्हणाल्या. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी काही मत दिले नाही.

एवढे ऐकून हा निव्वळ कसाई आहे असे वाटेल. पण पक्षिशास्त्रात त्याची गणना गाणाऱ्या पक्ष्यांत होते. पहाटे शेंड्यावर बसून तो हळू आवाजात गातो, आणि मध्येच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो. त्याचे शास्त्रीय नावही दोन्ही अंगांचे आहे. लॅनियस म्हणजे खाटीक आणि एक्सक्युबिटर म्हणजे पहारेकरी. १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले. युरोपात ससाणे पकडणारे लोक हा पक्षी जवळ बाळगत. आकाशात ससाणा दिसला की माणसाच्या आधी हा ओरडत असे.

आणि आपल्या दख्खनच्या राखी खाटकाची जी उपजात आहे, तिची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली तीही आपल्याच मुलखातून. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करत हिंडत होता. गावे, पिके, माणसे, किमती सगळ्यांची टिपणे काढणे हे त्याचे काम. जाता जाता त्याने पाखरेही टिपली, आणि १८३२ साली लंडनमध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्या यादीत हा ‘लाहटोरा’ म्हणून आहे. हिंदीत खाटकाला लटोरा म्हणतात, तेच नाव. आजही शास्त्रात आपल्या खाटकाच्या नावामागे साइक्स आणि १८३२ हे दोन शब्द लागतात. सरकारी पाहणीला निघालेल्या माणसाने बांधावर थांबून पाखरू बघितले, याचे मला माझ्या नोकरीत पुष्कळदा कौतुक वाटले आहे. आम्ही बहुतेक वेळा गाडीची काच खाली केली नाही.

आता मुख्य गोष्ट. हा पक्षी सध्या आहे कसा?

जगातील प्राण्यांची जी लाल यादी असते, तीत याला धोका नसलेल्यांत धरलेले आहे. कारण याचा पसारा फार मोठा आहे, युरोपपासून आपल्यापर्यंत. पण मोठ्या कुटुंबाची एकूण कमाई चांगली असली म्हणून धाकट्याच्या घरी चूल पेटतेच असे नाही. २०२३ साली आपल्या देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांच्या आसपास हौशी पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवरून ९४२ जातींचा ताळेबंद त्यात मांडला आहे. त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष दिले पाहिजे असे अहवाल म्हणतो. राखी खाटकाविषयी त्यात जे लिहिले आहे ते मी दोनदा वाचले : दीर्घ मुदतीत ऐंशी टक्क्यांहून अधिक घट.

हा हिशोब डोकी मोजून केलेला नाही, हे सांगितले पाहिजे. माणसे माळावर जातात, दिसलेल्या पक्ष्यांची यादी करतात. पूर्वी शंभर याद्यांपैकी किती याद्यांत खाटीक असे आणि आता किती याद्यांत असतो, त्यावरून हा अंदाज काढतात. शेतात चौरस मीटरची चौकट टाकून आपण पिकाचा उतारा काढतो, त्यातलाच प्रकार. थोडे इकडे तिकडे होईल. पण पाचातले चार गेले हे इकडे तिकडे होण्यासारखे नाही. आणि त्याच अहवालात कोकीळ वाढला आहे, मोर वाढला आहे, सुगरण बऱ्यापैकी स्थिर आहे. म्हणजे सगळीच पाखरे संपत चालली आहेत असे नव्हे. मोठी झाडी, बाग, वस्ती यांच्याशी ज्यांचे जमते ती टिकून आहेत. उघड्या माळाशी ज्यांचे आयुष्य बांधलेले, ती चालली आहेत.

माळ का गेला हे बारामती-इंदापूरकरांना मी काय सांगावे? आपला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात आले, तेव्हापासून कालव्याखालचा पट्टा हिरवा झाला. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, आणि भीमेच्या काठाने इंदापूरचे रूप पालटले. त्या पाण्याने घरे उभी राहिली, पोरे शिकली. मी त्याला नावे ठेवणार नाही. ज्यांच्या आजोबांनी दुष्काळात खडी फोडली आहे, त्यांना कोरड्या माळाचे गोडवे सांगणे मला शोभणार नाही. पण पाणी कालव्याखाली थांबले नाही. ते विहिरीने, उपसा योजनेने, पाइपलाइनने वर चढत गेले, आणि त्याच्यामागून नांगर.

दुसरी गोष्ट कागदाची. वनखात्याच्या शास्त्रीय वर्गवारीत आपल्या भागातल्या जंगलाला उष्णकटिबंधीय काटेरी वन म्हणतात. म्हणजे बाभूळ, हिवर, बोर आणि खाली पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत. हेच आपले जंगल. पण जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येते. म्हणून महसुली कागदात तो माळ ‘पडीक’ ठरतो, आणि पडीक म्हटले की काहीतरी केलेच पाहिजे. कोणी तो मोडतो, कोणी त्यावर चर खोदून गिरिपुष्पाची दाट लागवड करतो. कृषी अधिकाऱ्याने झाडे लावू नका म्हणणे चमत्कारिक वाटेल. तसे मी म्हणत नाही. शाळेत लावा, रस्त्याकडेला लावा, वस्तीभोवती लावा. पण गवताच्या माळावर दाट झाडी उठवली की खाटीक, चंडोल आणि चिंकारा या तिघांचीही जागा जाते.

आपल्याकडे थोडा माळ राखलेला आहे, हेही सांगतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इंदापुरात कडबनवाडीचा माळ आहे. कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे माळ बघायला येणाऱ्यांसाठी वनविभागाने २०२४ मध्ये सफारीही सुरू केली. पुण्या-मुंबईची माणसे पैसे भरून आपले कुसळ बघायला येतात, हे ऐकून ताईंचा मुलगा मोठ्याने हसला. पण खाटकाची एकेक जोडी भलामोठा टापू धरून राहते, त्यात दुसऱ्याला येऊ देत नाही. पाच चौरस किलोमीटरांत अशा किती जोड्या बसणार? बाकीच्यांना गावाच्या गायरानात आणि तुमच्या-माझ्या पडीकातच राहावे लागते.

आता मुलाचे ऐका. तिशीचा, कष्टाळू पोरगा. त्याने शांतपणे विचारले, “साहेब, आमच्या तात्यांना तुमीच सांगितलं हुतं की, पडीक ठेवू नका, मोडा म्हणून. आता मला का थांबवताय?”

खरे होते. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० साली सुरू झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा ती जोरात होती, आणि माझ्या सर्कलमध्ये एकही पडीक तुकडा शिल्लक राहू नये अशी माझी ईर्षा होती. याच घरचा सहा एकर माळ तात्यांनी माझ्या शब्दावर मोडला आणि डाळिंब लावले. दहा-बारा वर्षे बागेने पैसा दिला. पुढे तेल्या आला आणि बाग काढावी लागली. तेवढेच नाही. ‘बांध स्वच्छ ठेवा, बांधावरची बाभूळ काढा, ज्वारीवर पाखरे बसतात, सावलीने दोन सऱ्या जातात’ हेही मी सभांतून सांगितले आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नाकतोड्यांवर बीएचसी भुकटी धुरळण्याची शिफारस असे. मीही पोत्याने वाटली. त्या विषावर १९९७ मध्ये बंदी आली, एन्डोसल्फान २०११ मध्ये बंद झाले. विष खाल्लेला नाकतोडा खाटकाने खाल्ला की विष खाटकाच्या पोटात. आणि नाकतोडाच उरला नाही तर खाटीक खाईल काय? एकदा सुपे भागात मी स्वतः उभे राहून एक बांध साफ करवून घेतला. पडलेल्या बाभळीत काड्यांचे खोलगट घरटे होते, आत मेंढीची लोकर आणि चिंध्या. फुटलेली अंडी मजुराच्या पोराने मला आणून दाखवली. मी त्याला म्हणालो, “टाक तिकडे.” पक्ष्याचे नावही तेव्हा मला माहीत नव्हते.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. त्याची आई चहा घेऊन आली.

मग आम्ही दोघे त्या दोन एकरांत फिरलो. इथे मी पक्षी बाजूला ठेवला आणि शेतीचे बोललो. फावड्याने तीन ठिकाणी उकरून पाहिले. वीतभर माती, खाली मुरूम. पाटाचे पाणी नाही. विहीर फाल्गुनातच दोन तासांवर आलेली. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, म्हणजे मधला एक अख्खा उन्हाळा त्याच विहिरीवर काढायचा. जेसीबीचे भाडे, मातीची भरणी, पाइपलाइन, ठिबक यांचा खर्च त्याने बोटांवर मोजला, आणि उताऱ्याचा आकडा मी सांगितला. तो आकडा त्याला आवडला नाही. आज त्या दोन एकरांवर त्याच्या पाच शेळ्या चरतात आणि दिवाळीनंतर मेंढ्यांचा वाडा उतरतो. त्याचे लेंडीखत वरच्या रानाला मिळते. पडीक म्हणजे रिकामे, असे धरून तो हिशोब करत होता. मीही पूर्वी तसाच करत असे.

खाटकाचा तुम्हांला एकरी अमुक इतका फायदा, असे मात्र मी त्याला सांगितले नाही. नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, उंदराची पिले तो खातो हे खरे. पण सरडाही खातो, लहान पाखरूही मारतो, आणि सरडा स्वतः किडे खाणाराच. आमच्या खात्याला प्रत्येक जिवाचा नफातोटा काढायची खोड आहे. काही गोष्टी त्या ताळेबंदात बसत नाहीत.

परत येताना बाभळीशी थांबलो. आत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, काट्यांच्या गर्दीत घरटे होते. मादी बसलेली, फक्त शेपटी आणि डोळ्याची पट्टी दिसत होती. वीणीचा हंगाम माघ-फाल्गुनापासून पावसापर्यंत. अंडी उबायला पंधरा-सोळा दिवस, पिले उडायला आणखी तीन आठवडे. पुढेही काही दिवस आईबापच भरवतात, कारण काट्याला भक्ष्य टोचायची विद्या पिलांना लगेच साधत नाही. मी मुलाला एवढेच म्हणालो, “ऊस लाव किंवा लावू नकोस. आडसालीची लागण आषाढात आहे. जेसीबी वैशाखाच्या सुरुवातीला कशाला, शेवटाला आण. तुझा एक दिवसही वाया जात नाही.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे घरटे मोडणे हा गुन्हा ठरतो, हेही सांगितले, पण ते शेवटी, आणि हळू आवाजात. कायदा पुढे करून कोणी बांध राखल्याचे मी पाहिलेले नाही.

स्वित्झर्लंडची गोष्ट मला तिथे आठवली. तिथेही हाच मोठा खाटीक शेतांच्या कुंपणांतून, फळझाडांतून राहत असे. शेते मोठी झाली, कुंपणे गेली, कुरणांत खते आणि औषधे आली. १९८० च्या दशकात त्या देशातली त्याची वीण थांबली. श्रीमंत देश, कायद्याचा काटेकोर देश, पण पुन्हा ती सुरू करता आलेली नाही. ही गोष्ट मी मुलाला सांगितली नाही. त्याच्यापुढे कर्जाचा हप्ता होता.

वैशाखाच्या मध्यावर ताईंचे दुसरे पत्र आले. जेसीबी पुढे ढकलला आहे. बाभळीत चार पिले झाली, त्यांतले एक खाली पडून मेले, तीन उडाली. ती दिवसभर तरवडावर बसून ओरडतात आणि आईबाप नाकतोडे आणून दमतात. तिघांनाही डोळ्यावर पट्टी आली आहे, पण फिकट. मुलगा आता एक एकर मोडायचे म्हणतो, दुसरा एकर आणि बाभूळ तूर्त राहू दे म्हणतो; पाऊस कसा लागतो आणि विहीर किती भरते ते बघून दिवाळीला ठरवणार आहे. दिवाळीला मी पुन्हा जाणार आहे.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. जाऊबाई अजून त्या बांधावरून जात नाहीत, वळसा घालून विहिरीवर जातात.